राजूरच्या गोडाऊनची प्रतवारी

बेबीताईची तक्रार अशी होती की तिच्या घरासमोरच्या गोडाऊनात दर रविवारी पाच वेगवेगळे धर्म चालतात आणि परवानगी मात्र एकाचीच आहे.

"सकाळी धूर निघते," ती आमच्या गावच्या सहकारी सोसायटीच्या ओट्यावर सगळ्यांसमोर म्हणाली. "मंग भजन होते. मंग भांडण होते, चांगलं हात वर करकरून. दुपारी नाच होते. आन् संध्याकाळी दोघं म्हातारे येऊन बसतेत आन् काहीच करत नाहीत. मले त्याइचीच जास्त भीती वाटते."

ही गोष्ट २००६ सालची. त्या वर्षी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस कमी आणि समित्या जास्त आल्या. गाड्यांचा ताफा यायचा, साहेब लोक उतरायचे, बोंडं हातात घेऊन फोटो काढायचे आणि जायचे. समितीला काय दाखवायचं आणि काय झाकायचं, याचा लोकांना इतका सराव झाला होता की एखाद्या आठवड्यात समिती आली नाही तर गावाला चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. त्यामुळे तक्रार ऐकून सोसायटीचे अध्यक्ष वामनराव यांनी सगळ्यात आधी समितीच नेमली. समितीत एकच माणूस होता. माझे मोठेबाबा.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, कमलाकर. गावासाठी ग्रेडरसाहेब. कापूस खरेदी केंद्रावर त्यांनी आयुष्यभर एकच काम केलं. गाडी आली की कोपरापर्यंत हात आत घालायचा, मूठभर कापूस ओढायचा, बोटांनी तंतू ताणून बघायचा आणि प्रत सांगायची. मग सरकारी खरेदी आटली, केंद्र बंद पडलं. सोसायटीचं गोडाऊन आणि मोठेबाबा एकाच वर्षी रिकामे झाले. गोडाऊनला ख्रिस्ती लोक मिळाले. मोठेबाबांना काही मिळालं नाही. पण सवय जाते कुठे? आईनं वरण वाढलं तरी ते आधी वाटीच्या तळाशी चमचा घालून बघायचे.  आई डाळ तळाशी ठेवायची.

गोडाऊन मागायला आल्या होत्या त्या सुवार्ताबाई. बालवाडीच्या बाई. गावातल्या निम्म्या लोकांना पाटीवर पहिलं अक्षर त्यांनी गिरवून दिलंय, त्यात मीही. त्यांचे ख्रिस्ती लोक आधी एका भाड्याच्या खोलीत प्रार्थना करायचे. मालकानं एका रविवारी पेटी उचलून रस्त्यावर ठेवली, वर पाऊस. तेव्हापासून ती पेटी दम्याच्या पेशंटसारखी वाजते. बाईंनी सोसायटीच्या सभेत उभं राहून शब्द दिला होता, "आम्ही सगळे एकच आहोत." त्या शब्दावर ठराव झाला होता.

आता वामनराव म्हणाले, "पाहा ग्रेडरसाहेब. ह्या रविवारी तुम्ही पाहून या, पुढच्या रविवारी आम्ही येतो. एक असले तर राह्यतीन बिचारे. पाच असले तर त्या दिवशीच कुलूप. आन् बाई खोटं बोलल्या असं सभेत सांगा लागीन."

नाताळ दोन आठवड्यांवर आला होता. बाई ओट्याच्या टोकाला उभ्या होत्या. त्यांनी नुसता पदर सारखा केला.

मोठेबाबांना गाडी चालवता येत नव्हती आणि मी बी.ए. होऊन मोकळा होतो. म्हणजे घरातली सगळी बिनपगारी पदं माझ्याकडे होती. रविवारी सकाळी मी त्यांना मागे बसवून निघालो. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खरेदी केंद्र बंद झाल्यापासून तो पहिल्यांदाच कपाटातून निघाला होता.

"साकेत, तू काही बोलू नको," ते म्हणाले. "फक्त डोळे उघडे ठेव. आपण कशावरच विश्वास ठेवायचा नाही."

गोडाऊन राजूरला, आमच्या गावापासून थोडं दूर. तिथे कोळसा निघतो, त्यामुळे सगळ्या मुलखांतून माणसं येऊन राहिलेली. सकाळची पाळी केरळच्या नर्सबायांची होती. नागपूरहून महिन्यातून एकदा त्यांचे पाद्री यायचे, आणि नेमका तोच रविवार होता. काळी टोपी, सोनेरी झूल, छातीवर दाढी. दारात चपला काढलेल्या. आत टेबलासमोर तारेवर पडदा.

"पडदा कायले?" मोठेबाबा माझ्या कानात म्हणाले. "ज्याले झाकायचं नसते तो पडदा लावत नाही."

पडदा उघडला, बंद झाला, पुन्हा उघडला. मोठेबाबांची मान दर वेळी पुढे जायची आणि दर वेळी उशीर व्हायचा. बाया उभ्याच. खुर्च्या होत्या, पण कोणी बसेना. ही गोष्टही त्यांनी मनात धरली. मग पाद्रीबाबांनी साखळीला टांगलेली धूपदाणी काढली आणि हलवायला सुरुवात केली. आतले निखारे मला दारातून दिसले.

कापसाच्या गोडाऊनात बिडीसुद्धा चालत नाही. माल नसला तरी भिंतीच्या फटीफटीत रुई अडकलेली असते. मोठेबाबांनी कोपऱ्यातली पाण्याची बादली उचलली आणि धूपदाणीच्या मागे चालू लागले. पाद्रीबाबा उजवीकडे गेले की हे उजवीकडे. ते थांबले की हे थांबले. पाद्रीबाबांनी एकदा वळून बघितलं, बादलीकडे बघितलं, आणि मान लववून त्यांना पुढे यायची खूण केली. त्यानंतर मिरवणूक पूर्ण गोडाऊनभर फिरली. पुढे मेणबत्ती, मध्ये पाद्रीबाबा, मागे बादली घेऊन आमचे मोठेबाबा. बाया त्यांच्यासमोरही वाकत होत्या.

बाहेर आल्यावर लीलम्मा नावाच्या थोरल्या नर्सबाई म्हणाल्या, "फार छान केलं तुम्ही. आमच्याकडे ह्या कामाला माणूसच मिळत नाही."

"तुम्ही आणि त्या सुवार्ताबाई एकच का?" मोठेबाबांनी विचारलं.

"एकच. पण ते लोक बसून प्रार्थना करतात." लीलम्मांनी आवाज खाली आणला. "कलेक्टर आला तर आपण उठतो की नाही?"

मोठेबाबा मला म्हणाले, "पाह्यलं? आतून कुरबुर आहे."

दुसरी पाळी सुवार्ताबाईंची, आपल्या मराठी लोकांची. सतरंजी, झांजा आणि ती दम्याची पेटी. एक जण ओळ सांगायचा, बाकीचे धरायचे. दोन कडवी झाली आणि मोठेबाबांचा गुडघा हलायला लागला. त्यांनी तो हातानं दाबून धरला. दुसरा हलायला लागला.

"ही चाल ओळखीची आहे," ते कुजबुजले. "माझी आजी जात्यावर हीच म्हणायची. आपला माल, दुसऱ्याच्या गाडीत."

"चाल कोणाच्या बापाची नसते, मोठेबाबा."

"तुला बोलू नको म्हटलं होतं."

मग तेलुगू मंडळी आली. खाणीतले फिटर, त्यांच्या बायका, पोरं. एक जण काहीतरी म्हणाला आणि सगळ्यांनी एकदम, प्रत्येकानं वेगळं, मोठमोठ्यानं बोलायला सुरुवात केली. हात वर, डोळे मिटलेले, कोणाच्या डोळ्यांतून पाणी. बेबीताईचं भांडण ते हेच. मोठेबाबा माणसामाणसांच्या मधून फिरले, एकेकाच्या तोंडाशी कान नेला. तेलुगू त्यांना येत नाही. तरी बाहेर आल्यावर म्हणाले, "कोणीच कोणाचं ऐकून नाही राह्यलं. ही सभा होऊच शकत नाही."

एका फिटरला त्यांनी विचारलं, "इतकं ओरडता कशाला? देवाला ऐकू येत नाही का?"

"येतं ना साहेब. पण आठवडाभर आम्ही जमिनीखाली असतो. तिथं ओरडलं तर कोणाला ऐकू जाते?" मग गोडाऊनकडे हात करून म्हणाला, "ते बादलीवाले लोक मात्र फार हळू बोलतेत. देवाले झोप लागीन."

बादलीवाले म्हणजे लीलम्मा वगैरे. बादलीची परंपरा तीन तासांत रूढ झाली होती.

दुपारी छत्तीसगड-झारखंडकडचे उरांव आले. बाया लाल काठाच्या पांढऱ्या लुगड्यांत, हातात हात गुंफून एक लांब ओळ, आणि गळ्यात अडकवलेला मातीचा ढोल, मांदर. ते तांदळाच्या टोपल्या घेऊन नाचत नाचत टेबलापर्यंत आले, दोन पावलं पुढे, एक मागे. म्हणजे पोचायला चांगलाच वेळ लागला. मोठेबाबांनी टोपलीत मनगटापर्यंत हात घातला आणि तळाचे तांदूळ काढून बघितले. टोपलीवाली बाई हसली आणि तिनं अजून एक मूठ त्यांच्या हातावर ठेवली. तांदूळ वर-खाली एकसारखे होते. मोठेबाबांना ते आवडलं नाही. ती मूठ त्यांनी खिशात घातली, पुढच्या तपासणीसाठी.

संध्याकाळी गोडाऊन रिकामं झालं. इटारसीकडचे एक म्हातारा-म्हातारी आले. तो खाणीतून निवृत्त झालेला इलेक्ट्रिशियन. त्यांनी दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या, आम्हाला दोन दिल्या, आणि बसले.

बस्स. बसले.

पेटी नाही, धूर नाही, पुस्तक नाही. पत्र्यावर कबुतर चाललं तर त्याची नखं ऐकू येत होती. मोठेबाबा वाट बघत होते. म्हाताऱ्याच्या हातांकडे बघ, म्हातारीच्या पिशवीकडे बघ, पत्र्याकडे बघ. संशय घ्यायला माणसाला काहीतरी लागतं. इथे काहीच नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम आला. शेवटी ते ताडकन उभे राहिले.

"मी दोन वर्षं घरी बसून आहे," ते म्हणाले. कोणाला उद्देशून, मला कळलं नाही. "दोन वर्षांत मला कोणी कापूस दाखवला नाही. रस्त्यानं गाडी चालली की मी फाटकाशी जातो. गाडीवाला रामराम करतो आणि निघून जातो. थांबत नाही. मी म्हणतो, बाबा, नुसता हात तरी घालू दे." त्यांनी खिशातली तांदळाची मूठ चाचपली. "एवढंच."

आणि बसले.

 मी गोडाऊनच्या जमिनीकडे बघत राहिलो. माझ्या घरात मी ह्या माणसाची वरणावरून टिंगल करायचो. बऱ्याच वेळानं म्हातारा उठला, मोठेबाबांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "अच्छा हुआ, भाईसाब, आप बोले. हमारे यहाँ जिसको लगे, वो बोलता है. तीन महीने से कोई बोला नहीं था."

 घरी येताना गाडीवर, गावाजवळ आल्यावर मोठेबाबा म्हणाले, "हे लोक कोणालाही बोलू देतात. काहीतरी गडबड आहे."

"मग अहवाल काय देणार?"

"पाच दिसतात. पाचच आहेत बहुतेक."

"म्हणजे कुलूप."

 दुसऱ्या दिवशी मी राजूरच्या चौकात सुवार्ताबाईंना बघितलं. त्या लीलम्मांशी आणि त्या फिटरशी बोलत होत्या, आणि बालवाडीत स्नेहसंमेलनाच्या आधी जसा चेहरा असायचा तसा त्यांचा चेहरा होता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पुढच्या रविवारी वामनराव आले, दोन सदस्य आले, बेबीताई आली. वामनरावांना त्यानंतर बाभुळगावला लग्नाला जायचं होतं, त्यामुळे डोक्याला फेटा होता. आम्ही गोडाऊनात शिरलो आणि मी जागेवरच थांबलो.

सगळे एका वेळी, सरळ रांगांत उभे होते. सगळे पांढऱ्या कपड्यांत. नर्सबायांनी दवाखान्यातले कोट वाटले होते. खाणीतला दणकट फिटर नर्सच्या कोटात उभा होता, बटणं लागत नव्हती. पडदा नाही, मांदर नाही, झांजा नाही. सुवार्ताबाईंनी हात वर केला आणि सगळ्यांनी एकाच आवाजात एकच मराठी गाणं म्हटलं. संथ. सरळ. हात मांडीला चिकटवून. शाळेत पाहुणे आल्यावर स्वागतगीत होतं तसं.

वामनरावांचा चेहरा मोकळा झाला. "एकच तर आहे," ते म्हणाले. "बेबीताई, तुमी बी ना. चला, झालं. परवानगी कायम. गाडी काढा."

बेबीताई म्हणाली, "दर रविवारी असं नसते, भाऊ. मले आठ दिवस झोप नाही."

सुवार्ताबाईंनी डोळे मिटून श्वास सोडला. मीही सोडला. आणि तेवढ्यात, गाणं चालू असतानाच, मोठेबाबा रांगांत घुसले.

ते सरळ मागच्या ओळीत गेले. एका उरांव बाईसमोर उभे राहिले. तिचे ओठ हलत होते, शब्द नव्हते. तिचा पाय कोटाखाली जमिनीवर हळूच पडत होता, दोन पुढे, एक मागे. त्यांनी फिटरकडे बघितलं. त्यानं हात इतके दाबून धरले होते की बोटं पांढरी पडली होती. कोपऱ्यातली ताडपत्री त्यांनी उचलली. खाली मांदर, धूपदाणी, झांजा आणि बादली.

"वामनराव," मोठेबाबा म्हणाले, "थांबा. हा माल बनवलेला आहे."

गाणं मध्येच तुटलं. बाई पांढऱ्या पडल्या.

"तीस वर्षं मी हेच पाहिलं. ग्रेडर येणार म्हटलं की गाडीवर वरचा थर सारखा लावतात. पांढराशुभ्र. हात घातला की वेगळंच. मागच्या रविवारी मी दिवसभर इथे होतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हात घालून पाहिला, काही खोटं सापडलं नाही. आज पहिल्यांदा सापडलं."

"बाई?" वामनरावांनी फेटा सरळ केला. "तुमी आमाले फसवलं?"

"आज फसवलं," सुवार्ताबाई म्हणाल्या. त्या मागे हटल्या नाहीत. "तुम्ही म्हणलं, एक असले तर राहा. मले वाटलं तुम्हाले सारखे पाहिजेत. वामनराव, तुम्ही चार भाऊ. माझ्याच बालवाडीत होते चौघं. एक पाटीवर थुंकून पुसायचा, एक पाटी चाटायचा, एक रडायचा, आन् तुम्ही दुसऱ्याची पाटी पळवायचे. म्हणून तुमच्या मायले मी म्हणलं का, का हे चार घरचे आहेत?"

सदस्यांपैकी एक जण खोकला. वामनरावांनी घड्याळ बघितलं.

"ग्रेडरसाहेब," ते म्हणाले, "आता काय करायचं? मले लग्नाले जा लागते."

"जसं करता तसं करू द्या. सगळ्यांना. पाहून जा."

"पाच जण पाहाले संध्याकाळ होईन."

"मग एकदम."

ही सूचना इतकी वाईट होती की कोणालाच नाही म्हणायला सुचलं नाही. कोट निघाले. पडदा तारेवर चढला. पाद्रीबाबा त्या आठवड्यात नव्हते, म्हणून लीलम्मांनी तारेवरचा पडदा धरला, धूपदाणीत निखारे टाकले, आणि मोठेबाबांनी कोणी न सांगता बादली उचलली. पेटीनं खोकून सूर धरला. मांदर सुरू झाला. फिटरनं हात वर नेले आणि आठवडाभराचं ओरडायला सुरुवात केली. इटारसीच्या दोघांनी भर मध्यभागी दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या आणि गप्प बसले. उरांवांची ओळ त्यांना वळसा घालून नाचत गेली. पत्रा वाजत होता, कबुतरं सगळी उडाली. वामनराव दाराच्या चौकटीला धरून उभे होते. बेबीताईनं कानांत बोटं घातली होती, आणि एक बोट मधूनमधून काढून ती ऐकत होती.

आणि मग काहीतरी झालं. आधी मला वाटलं, मला ऐकू यायचं बंद झालं. मांदर थांबला. पेटी थांबली. ओरडणं खाली आलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि आपापल्या भाषेत काहीतरी म्हणायला सुरुवात केली. मलयाळम, मराठी, तेलुगू, उरांवांची कुडुख, सगळं एकमेकांत. शब्द वेगळे, पण मागेपुढे होत होत सगळे एकाच वेळी संपले. म्हाताऱ्यांचे ओठही हलले नव्हते, पण त्यांच्या माना त्याच वेळी वर आल्या.

"काय होतं हे?" वामनरावांनी हळूच विचारलं.

"आमची प्रार्थना," सुवार्ताबाई म्हणाल्या. "प्रभूनं शिकवलेली. सगळे तीच म्हणतात."

वामनरावांनी डोक्यावरचा फेटा काढला, बघितला, पुन्हा घातला. "बेबीताई," ते म्हणाले, "हे एकच घर आहे. आवाज लय आहे, पण घर एकच आहे. आमच्या घरी बी असंच असते. परवानगी कायम. नाताळ इथंच करा." दारातून बाहेर जाता जाता ते थांबले. "बाई, थुंकून पुसणारा मी होतो. पाटी पळवणारा धाकटा."

"नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हीच होते."

लोक बाईंभोवती गोळा झाले. कोणी हसत होतं, लीलम्मा रडत होत्या. मोठेबाबा मात्र बादली घेऊन एकेकाला गाठत होते.

"खूण कोणी केली?" त्यांनी सुवार्ताबाईंना विचारलं.

"मी लीलम्मांचं ऐकून सुरू केलं."

लीलम्मा म्हणाल्या, त्यांनी मांदर थांबलेला ऐकला. मांदरवाला म्हणाला, फिटर गप्प झाला म्हणून तो थांबला. फिटर म्हणाला, त्याला पेटी बंद झाल्यासारखी वाटली. पेटीवाला म्हणाला, पेटी तर आपोआप बंद पडते, पण त्या वेळी त्यानं त्या दोन म्हाताऱ्यांकडे बघितलं होतं.

"हमने तो कुछ कहा ही नहीं," म्हातारा म्हणाला.

मोठेबाबांनी माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांत मी त्यांचा चेहरा इतका तरतरीत बघितला नव्हता.

"साकेत," ते म्हणाले, "कोणीतरी खोटं बोलून राह्यलं. नाताळला लवकर येऊ. मी मध्यभागी उभा राहतो, तू दाराशी राहा. आणि सगळे डोळे मिटतील, तेव्हा आपण मिटायचे नाहीत."